पाहुणी नाल्याची कॅसेट

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक हसतच वाचलेत. रस्त्यात लिफ्ट मागणारा म्हातारा, विहिरीवर दिसलेली बाई... आमच्या ऑफिसात असलं काही सांगणाऱ्याला मी चहाच्या वेळेला पुरता सोलून काढायचो. किती वाजले होते? उजेड किती होता? सोबत कोण होतं? तीन प्रश्नांत माणूस गप्प व्हायचा. आता हेच प्रश्न तुम्ही मला विचारणार, म्हणून उत्तरं आधीच देऊन टाकतो. रविवार होता, दुपारचे साडेबारा. एप्रिलचं लख्ख ऊन. आणि सोबत माझी बायको मंगला होती, जी देवाच्या अगरबत्तीलाही "धूर नको" म्हणते.

मी आरेखक होतो. म्हणजे ऑफिसात बसून नकाशे काढणारा माणूस. १९९७ साली मी वर्ध्याला एका कार्यालयात पाणलोटाच्या कामावर होतो आणि पिपरी मेघेला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पाणलोटाचं काम साधं आहे — टेकडीवर पडलेलं पाणी कुठून कुठून खाली वाहतं ते पाहायचं आणि जागोजागी अडवायचं. त्यासाठी प्रत्येक नाला नकाशावर हवा. आमच्याकडे जुना सर्व्हेचा नकाशा होता, त्यात नाल्यांच्या निळ्या रेघा होत्या, पण नावं दोन-तीनच. आमच्या साहेबांनी सगळ्यांना नंबर देऊन टाकले होते. ना. क्र. १, ना. क्र. २... पण फॉर्ममध्ये 'स्थानिक नाव' असा एक रकाना होता आणि तो रिकामा म्हणून वरून सगळे कागद परत आले. मग ती नावं गोळा करायला मला पाठवलं. माझं तेव्हाचं मत असं की नकाशात नाही ते जमिनीवर नाही, त्यामुळे हे काम मला अगदी फालतू वाटलं होतं.

गाव आष्टी तालुक्यात, तळेगाव (श्यामजी पंत) पासून अकरा किलोमीटर आत, टेकड्यांच्या पायथ्याशी. त्याला मोईखेडा म्हणतो. खरं नाव वेगळं आहे, पण तिथे माणसं राहतात आणि त्यांना भुताटकीचं गाव म्हणून मिरवायचं नाही. तळेगावपर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी जीप भरली तर जीप, नाहीतर मागितलेली सायकल.

पहिल्या दिवशी मी ग्रामपंचायतीत बसलो आणि सरपंच वामनरावांनी गावातली जाणती मंडळी बोलावली. दोन तास नुसता गोंधळ. "तो पाटलाच्या वावराजवळचा." "नाई, तो त मारोतीजवळचा." "अबे, दोन्ही एकच हायेत!" एका नाल्याला तीन नावं आणि तीन नाल्यांना मिळून एक. मी नऊ नावं लिहिली आणि त्यातली पाच खोडली. शेवटी वामनराव कंटाळून म्हणाले, "सायेब, तुमी गोदाबुढीले इचारा. गावाची ढोरं चारते थे. तिले सारे नाले मालूम हायेत. पन थे घरी बसून नाई सांगत."

"मग कुठे सांगते?"

"नाल्यात उभी राहून सांगते."

सगळे हसले, मीही हसलो.

गोदाबाई तेव्हा पासष्टीच्या आसपास असेल. काटक, उन्हानं रापलेली, हातात तिच्याहून उंच काठी. तिचा नवरा गावाचा गायकी होता, म्हणजे गावभरची गुरं रानात नेऊन चारणारा. तो वारला तेव्हा गावानं दुसरा माणूस शोधायला सुरुवात केली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोक गुरं घेऊन आखरावर, म्हणजे गुरं गोळा करायच्या जागेवर आले, तर तिथे नवऱ्याची काठी घेऊन ही बाई उभी. तेव्हापासून दोनशे जनावरांचा कळप ती एकटी नेत होती. अक्षरओळख नाही. आता सोबत विधवा सून शांता आणि दोन खोल्यांचं कुडाचं घर.

मी तिला माझा नकाशा दाखवला आणि समजावून सांगितलं की आत्ता आम्ही नंबर दिलेत. तिनं नकाशाकडे पाहिलंच नाही.

"नंबर?" ती म्हणाली. "अरे बाबू, माह्या एका-एका ढोराले नाव हाये, अन् नाल्याले नंबर? जेलात टाकलं का त्याईले?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही निघालो. सकाळी ती गुरं घेऊन पुढे, मी मागे. गुरं चरायला लागली की ती मला जवळपासच्या नाल्यावर न्यायची. तिची पद्धत ठरलेली. काठावर चपला काढायच्या, पात्राच्या मधोमध जाऊन उभं राहायचं, थोडा वेळ काही बोलायचं नाही, मग नाव मोठ्यानं घ्यायचं आणि त्यानंतरच पलीकडे जायचं. ही तिच्या सासरची रीत होती. गुरं घेऊन निघालं की कुठलाही नाला नाव घेतल्याशिवाय ओलांडायचा नाही... कोरडा असला तरी.

लिहून घेणं मला जमेना. एका हातात नकाशा, दुसऱ्या हातात छत्री, आणि ती बोलायची भरभर. म्हणून दुसऱ्या खेपेला मी मेव्हण्याचा छोटा टेपरेकॉर्डर आणला आणि पहिल्या नाल्यापासून पुन्हा सुरुवात केली. ती चपला काढायला वाकली की मी बटण दाबायचो आणि तिचं सांगून झालं की बंद करायचो.

आता ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एप्रिल महिना होता. टेकडीवरचे सगळे नाले ठणठणीत कोरडे. पात्रात दगड, रेती आणि पळसाची पानं. गुरांना पाणी पाजायला ती दुपारी गावातल्या टाक्यावर परत आणायची, कारण रानात एक थेंब नव्हता. मी प्रत्येक नाल्यात स्वतः उभा राहिलो आहे आणि माझे जोडे एकदाही ओले झाले नाहीत.

पण ती नावं! मी ज्याला ना. क्र. ७ म्हणत होतो ती 'भुरकी' होती, कारण तिच्या काठची माती राखेसारखी. क्र. १२ ही 'लेकुरवाळी', तिला वरून बारीक-बारीक सहा ओहळ येऊन मिळतात म्हणून. 'घोरपडझिरा', 'चाटी', 'मोहाचा नाला', 'आंधळी' — आंधळी कारण ती झाडीत शिरते आणि कुठे निघते ते दिसत नाही. आणि नुसतं नाव नाही. ही कधी येते, किती वेळ टिकते, कुठल्या वळणावर माती खाते, कुठे पाय टाकला तर रुतेल, सगळं तोंडपाठ. आमच्या नकाशात अडतीस रेघा होत्या. गोदाबाईनं चाळीस नाले दाखवले. वरचे दोन माझ्या नकाशात नव्हते. मी वाद घातला, तर तिनं हाताला धरून पात्रात नेऊन उभं केलं. नकाशा चुकला होता. त्या दिवशी संध्याकाळी परत येताना मी तिच्या मागे चालत होतो आणि मला मनापासून वाटत होतं की आपण वीस वर्षं शाईनं बोटं काळी केली, पण नकाशा काढणं ह्या बाईला येतं.

मग शेवटच्या दिवशी ती मला ई-क्लासवर घेऊन गेली.

ई-क्लास म्हणजे गावाची चराईची सरकारी जमीन. मोईखेड्याची ही जमीन गावाला लागून, रस्त्याच्या कडेला, एकदम सपाट. पोरं तिथे क्रिकेट खेळायची. याच जमिनीवर चौदा घरकुलांचे प्लॉट पडायचे होते. बेघर आणि कुडाच्या घरातल्या चौदा कुटुंबांची यादी तयार होती, आणि वामनरावांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तुमचा नकाशा झाला की त्याच्यावरूनच प्लॉट पाडायचे. यादीत पहिलं नाव शांताचं होतं. ती माझ्या जेवणाचा डबा आणून द्यायची तेव्हा रोज एकदा विचारायची, "भाऊ, दार कोनीकडं येईन आमचं?"

त्या सपाटीच्या मधोमध येऊन गोदाबाईनं चपला काढल्या.

मी बटण दाबलं खरं, पण मला कळेना. काठ नाही, पात्र नाही, साधा खोलगट भागही नाही. ती उभी राहिली, थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "हे पाहुणी."

"आजी, इथे नाला कुठे आहे?"

"हाये. माह्या सासऱ्याच्या बापानं पायली होती. येते तवा कोनाले सांगून नाई येत, म्हनून पाहुणी."

"तुम्ही पाहिली आहे का?"

"मी नाई पायली. सासूनं बी नाई पायली. पन आमी इथून ढोरं नेतानी तिचं नाव घेतो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लिहजो बाबू. बाकीचे एखादे राह्यले तरी चालते. हे लिहजो."

शांता डबा घेऊन आली होती, तिनं हे ऐकलं. ती जागीच उभी राहिली. "आत्याबाई, काय बोलून राह्यल्या तुमी? आपलं घर हाये इथं! नाला लिहला त जागा देईन का कोनी?"

"म्हनूनच सांगून राह्यली," गोदाबाई म्हणाली.

त्या दिवशी डबा मी एकट्यानं खाल्ला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं. वामनराव भला माणूस, पण रडकुंडीला आले. "सायेब, चौदा घरं हायेत. बुढीनं पायलं नाई, तिच्या सासूनं पायलं नाई, अन् तुमी नकाशात नाला दाखवसान? जागा नामंजूर झाली त दुसरी मंजूर व्हायले सालभर जाईन. दुसरी जागा त वर बरडावर हाये, तिथून हापशी किती दूर!"

मी त्यांना सांगितलं की काळजी करू नका, जे डोळ्यांनी दिसत नाही ते मी काढत नाही. आणि हे मी अगदी मनापासून सांगितलं. गोदाबाईबद्दल आदर होता, पण चौदा घरं एका ऐकीव नावापायी थांबवायची म्हणजे अतीच झालं. घरी येऊन मी पेन्सिलीनं ई-क्लासवर चौदा चौकोन आखलेसुद्धा. शांताचं दार पूर्वेला ठेवलं.

आता तो रविवार.

मी पुढच्या खोलीत बसून नावांची यादी करत होतो. कॅसेट लावायची, नाव ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं. मंगला आत पोळ्या करत होती. आमच्याकडे तेव्हा नळ एक दिवसाआड यायचे, आणि कधी येतील त्याचा नेम नाही. मी पहिली कॅसेट सुरू केली आणि आतून मंगला ओरडली, "अहो, नळ आले! बादली लावा ना!" आणि स्वतःच बादली घेऊन मोरीकडे पळाली. मी टेप बंद केला. तोटीला थेंब नव्हता.

"आत्ता तर आवाज आला," ती म्हणाली.

"शेजारी आला असेल."

मी पुन्हा टेप लावला. मंगला दारातच उभी होती. तिनं बादली खाली ठेवली.

"तुमच्या टेपमधून येतोय," ती म्हणाली.

आणि खरंच येत होता. आधी पाण्याचा आवाज, दगडावरून घरंगळत जाणाऱ्या थोड्याशा पाण्याचा. तो सात-आठ सेकंद चालला. मग गोदाबाईचा आवाज, "हे भुरकी." मग मी काहीतरी विचारतोय, ती सांगतेय, मागे पाणी चालूच. मग खट्... टेप बंद केल्याचा आवाज. मग पुढचा नाला. तिथेही पाणी, पण वेगळं. भुरकीचा आवाज पातळ होता, लेकुरवाळीचा अनेक तोंडांनी बोलल्यासारखा, घोरपडझिऱ्याचा तर फक्त टप... टप. मी पोळी खाल्ली नाही. आम्ही दोघं जमिनीवर बसून सगळ्या कॅसेट ऐकल्या. चाळीसच्या चाळीस नाल्यांत पाणी होतं. मधे मी एकदा जीपमध्ये सहज बटण दाबून पाहिलं होतं, तिथे पाणी नव्हतं. शाळेच्या खोलीत गोदाबाईकडून गुरांची नावं घेतली होती, तिथे तिचा आवाज होता पण पाणी नव्हतं. फक्त नाल्यांत.

शेवटचा तुकडा पाहुणीचा होता. मंगलानंच बटण दाबलं.

बाकीच्या चाळीस नाल्यांत पाणी वाहत होतं. ह्याच्यात ते अंगावर येत होतं. मोठं, गढूळ, काहीतरी सोबत ओढून नेणारं पाणी... टेपरेकॉर्डरचा तो इवलासा स्पीकर थरथरत होता. आणि त्या आवाजातून स्पष्ट, शांत — "हे पाहुणी." मग माझा आवाज, "आजी, इथे नाला कुठे आहे?" स्वतःचा आवाज इतका मूर्ख मला कधी वाटला नव्हता.

तुमच्या मनात जे येतंय ते सगळं माझ्याही मनात आलं. वाऱ्याचा आवाज? मग जीपमध्ये का नाही? जुनी कॅसेट, आधीचं काही राहिलेलं? सगळ्या कॅसेट मी तळेगावच्या बाजारात नव्या, पाकीटबंद घेतल्या होत्या. मशीन बिघडलेलं? पुढच्याच आठवड्यात एकटा परत जाऊन मी ई-क्लासवर दहा मिनिटं टेप चालू ठेवला, नावही घेऊन पाहिलं. टिटवी ओरडल्याचं आलं, पाणी आलं नाही. पुढे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला मूळ कॅसेट दिली. त्यानं ऐकली, दोनदा ऐकली आणि म्हणाला, "छान रेकॉर्डिंग आहे, कुठल्या नदीवर केलंत?" बऱ्याच वर्षांनी त्याच्याकडूनच सीडी करून घेतली तर सीडीत गोदाबाई आहे, मी आहे, पाणी नाही. म्हणून इथे तुम्हाला ऐकवू शकत नाही. ही पळवाट वाटेल, ठाऊक आहे. मीही तेच म्हणालो असतो.

सोमवारी ऑफिसात गेलो आणि चौदा चौकोन खोडले. ई-क्लासच्या मधून निळी तुटक रेघ ओढली आणि लिहिलं, 'पाहुणी नाला'. साहेबांनी चष्मा वर केला. "हा नवीन कुठून आला? तुम्ही पाहिला का?"

"लोकांकडून माहिती आहे साहेब. हंगामी आहे," मी म्हणालो. कॅसेटचं नाव काढलं नाही. ज्या टेबलावर मी इतरांना सोलत आलो होतो, त्याच टेबलावर मी काय सांगणार होतो? साहेबांनी खांदे उडवून सही केली. गोदाबाईलाही मी एवढंच कळवलं की लिहिलं. का लिहिलं ते नाही सांगितलं.

पुढे वामनराव म्हणाले होते तसंच झालं. ई-क्लासची जागा नामंजूर. वर्षानं बरडावर मंजुरी आली आणि चौदा घरं तिथे, मुरमाड चढावर झाली. हापशी खाली गावात. बायांना भरल्या गुंडा, म्हणजे पाण्याच्या घागरी घेऊन चढ चढावा लागायचा. माझं त्या भागात कधी काम निघालं की कानावर यायचं... पोट्टे गोदाबाईला पाहून ओरडतात, "बुढे, पाहुणी आली का वो?" शांता एकाच घरात राहून सासूशी कामापुरतंच बोलते. गोदाबाई कळप घेऊन पुढे निघायची. मला तिचं फार कौतुक वाटायचं. किती ठाम बाई, असं मी मंगलाला नेहमी म्हणायचो.

सहा पावसाळे गेले. २००३ च्या ऑगस्टमध्ये ऑफिसात वामनरावांचा फोन आला. माणूस नीट बोलूच शकत नव्हता. "सायेब... आली. पाहुणी आली."

सकाळी टेकडीवर ढग बसला आणि दोन तास हलला नाही. वर भुरकीच्या वळणावर झाडं पडून पात्र तुंबलं, पाणी काठ फोडून बाजूला वळलं आणि ई-क्लासवर उतरलं. सकाळी दहाच्या सुमाराला छातीभर पाणी, रस्ता तोडून, मधल्या सपाटीवरून सरळ. चार तास वाहिलं आणि ओसरलं. वामनरावांची कुटाराची, म्हणजे गुरांच्या चाऱ्याची अख्खी गंजी आणि एक बैलबंडी गेली. माणूस एकही नाही, कारण तिथे माणूस नव्हता. मी जाऊन पाहिलं. माझ्या निळ्या तुटक रेघेपासून पाणी वीस-तीस फूट इकडेतिकडे गेलं असेल, जास्त नाही. हे पाणी का आलं ते मी तुम्हाला कागदावर काढून दाखवू शकतो. फार जुनं पात्र असणार, गाळानं भरून सपाट झालेलं. त्यात अमानवीय काही नाही.

बरडावर गेलो. गोदाबाईच्या घरापुढे बायांची गर्दी. कोणी नारळ आणला होता, कोणी पाया पडत होतं. शांता सासूच्या पायाशी बसून रडत होती. गोदाबाई खाटेवर, आता थकलेली, कळप दुसऱ्याकडे गेलेला. सगळे पांगल्यावर मी जवळ बसलो आणि म्हणालो, "आजी, तुमचा एवढा विश्वास होता, म्हणून चौदा घरं वाचली."

तिनं पुढ्यातला नारळ बाजूला सारला.

"कायचा विश्वास बाबू," ती म्हणाली. "मले का मालूम होतं? सासूनं नाव सांगतलं, मी तुले सांगतलं. मंग ह्या बाया भरल्या गुंडा घेऊन चढतानी पायल्या का मी खाली मान घालून निंगून जाची. नाव खोटं असन त? नुसतं कोनं गंमतीनं ठेवलं असन त? सा वर्सं मले धड झोप नाई लागली."

मग पहिल्यांदाच मी तिला कॅसेटचं सांगितलं. आणि दुसऱ्याच दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन परत गेलो.

तिनं मशीन कानाशी धरलं. पाणी सुरू झालं, आणि टेपमधली गोदाबाई बोलायच्या आधी खाटेवरची गोदाबाई म्हणाली, "भुरकी." मग टेपमधून आलं, "हे भुरकी." पुढचा तुकडा. दोन सेकंदही झाले नसतील. "लेकुरवाळी." मग "चाटी." मग "आंधळी, वरच्या आंगाची." मी क्रम मुद्दाम बदलला, कॅसेट पुढे-मागे फिरवली. ती एकदाही चुकली नाही. शांता दाराशी तोंडावर पदर धरून उभी होती.

शेवटी पाहुणी लावली. तो आवाज आता तिच्या ओळखीचा होता, दोन दिवसांपूर्वीच तिनं तो बरडावरून ऐकला होता. टेप खट् करून बंद झाला तेव्हा तिनं मशीन हळूच माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे तुह्या घरी होतं? तवापासून?"

"हो."

"सा वर्सं?"

"हो आजी."

"काऊन नाई सांगतलं रे बाबू?"

मी म्हणालो, "लोक हसतील म्हणून."

ती मला रागावली नाही. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि शांताला चहा टाकायला सांगितलं. गोदाबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. कोरड्या नाल्यांत पाणी कुठून आलं ह्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही आणि मी शोधायचंही सोडलंय. मी गप्प का बसलो त्याचं उत्तर मात्र मी तिला तोंडावर दिलंय, आणि तो चहा मी तसाच ठेवून उठलो होतो. म्हणून हे लिहिलं. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.